हिरडबोडीचे बुकिंग निश्चित झाले आहे

आपले बुकिंग निश्चित झाले आहे. नाटक : अ आ इ ई. प्रमुख भूमिका : अश्वजित रामटेके. गाव : हिरडबोडी. धन्यवाद.

*

शेंगदाणे भाजून साली काढून घ्याव्यात. लसूण भरपूर. हिरवी मिरची आपापल्या हिमतीप्रमाणे. मिक्सर एकदम फिरवू नये, थांबत थांबत फिरवावा.

*

"नाटकात वाघ हाय का?"
"नाही साहेब."
"मंग तसं लिहून द्या."

*

डब्यात ठेवलेलं डब्याबरोबर जातं. जे टिकायला हवं ते डब्याबाहेर ठेवा. (धडा सातवा. धड्याचं नाव कंटाळवाणं वाटल्यामुळे मी तो सोडून आठव्यावर गेलो.)

*

"आई! मी शहरातून आलो!"

*

हे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देताना मधे मधे आवाज येईल, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा शांत माणूस आहे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि वीज केंद्राच्या भांडार विभागात काम करतो. तिथे प्रत्येक नटाला, बोल्टला, वॉशरला आपापला कप्पा असतो आणि कोणी कोणाच्या कप्प्यात डोकावत नाही. मला हे फार आवडतं. माणसांनीही असंच राहावं असं माझं मत आहे, पण कॉलनीत ते कोणाला पटत नाही.

म्हणूनच मोबाइलवर एक मोफत शिकवणी पाहताना मला कंटेनर नावाची गोष्ट सापडली, तेव्हा माझे डोळे भरून आले. एकच संगणक. त्यावर अनेक कामं. पण प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात! या डब्यात काय शिजतंय ते त्या डब्याला कळत नाही. एक सांडला तरी बाकीचे जागच्या जागी. शिवाय डबा हलका. एकदा साचा बनवला की त्यातून हवा तेव्हा नवा डबा काढायचा, वापरायचा, फेकायचा, पुन्हा काढायचा. प्रत्येक नवा डबा साच्यासारखाच, अगदी कोरा करकरीत.

"आमच्याकडे चार खणांचा टिफिन हाय," शेजारचे आदेशभाऊ म्हणाले. "त्याच्यात अन् याच्यात काय फरक?"

आदेशभाऊ बॉयलर विभागात आहेत आणि त्यांना सगळ्या विषयातलं कळतं.

"तत्त्व तेच आहे," मी जरा दुखावून म्हणालो.

"मंग आमचा टिफिन कवाचाच कंटेनर झाला म्हना की!"

डबे तर शिकलो, पण त्यात घालायला काही हवं. ते आलं वडशाहून. आदेशभाऊंच्या बायकोचे, म्हणजे नीलिमाताईंचे भाऊ मुखरूभाऊ वडशाला नाटक कंपनी चालवतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. गावात नाटक म्हणजे घरोघर पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, व्याही येतात. पोरगी पाहायची तर नाटकालाच पाहतात. त्यामुळे सीझनमध्ये मुखरूभाऊंचा फोन चहाच्या एका घोटाएवढाही गप्प बसत नाही. बहिणीकडे पाहुणे म्हणून आले तेव्हा ते एका कानाने पोहे खात होते म्हटलं तरी चालेल.

"तुमचं सगळं बुकिंग मी डब्यात घालून देतो," मी म्हणालो.

मी समजावून सांगितलं. मुखरूभाऊंनी पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला.

"म्हंजे पेट्या!" ते म्हणाले. "आमच्या इथी परत्येक नटाची मेकअपची पेटी वेगळी राह्यते. हिरोची पावडर व्हिलननं घेतली का परदा उघडाच्या आधीच मारामारी. बनव बाबू, बनव."

मी तीन डबे बनवले. एक बुकिंगचा. दुसरा निरोपाचा, म्हणजे बुकिंग झालं की गावच्या मंडळाला आपोआप संदेश. तिसरा ड्रायव्हरचा, म्हणजे रोज सकाळी ट्रकवाल्या चैतूच्या मोबाइलवर 'आजचं गाव' जाणार. जुना संगणक विकत घेतला. तो कुठे ठेवायचा यावर आदेशभाऊंनी सल्ला दिला की फ्रीजच्या डोक्यावर ठेव, तिथे गार राहील. फ्रीजचं डोकं गरम असतं हे मला नंतर कळलं, त्यांना अजून कळलेलं नाही.

साचा तयार करताना चाचणीसाठी एक खोटं बुकिंग भरावं लागलं. रकाने रिकामे सोडू देत नव्हतं, मीच तसं बनवलं होतं. गाव? सासुरवाडी डोळ्यासमोर आली : हिरडबोडी. मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर? सासरेबुवांचा, कारण ते खरोखरच तिथल्या नाटक मंडळाचे अध्यक्ष आहेत. तारीख? आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची, जानेवारीतली. तेवढी एकच तारीख मला पाठ आहे, आणि तीही सक्तीने. वेळ? तेव्हा दुपार होती, म्हणून दिवसाचा शो. नाटकाचं नाव? काही सुचेना. अ आ इ ई. प्रमुख भूमिका? आजूबाजूला कोणी नाही असं पाहून स्वतःचं नाव टाकलं.

साचा बंद केला. तिन्ही डबे चालू झाले. पडद्यावर हिरवे ठिपके लागले. मुखरूभाऊंच्या मॅनेजरने वडशाहून सगळ्या सीझनचं बुकिंग भरून टाकलं. मी बायकोला, संघप्रियाला, हाक मारली आणि म्हणालो, "बघ. आता हे रात्रंदिवस चालेल. हे कधीही बंद

घर्रर्रर्र.

*

मी मूळचा शांत माणूस आहे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि

नाही, हे झालं आपलं.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजजवळ जादा पॉइंट एकच आहे. संघप्रियाने संगणकाची पिन काढून मिक्सरची लावली, चटणी वाटली, आणि पुन्हा संगणकाची पिन लावून दिली. अतिशय जबाबदारीने. संगणक आपोआप चालू झाला. हिरवे ठिपके परत आले. मी मनात म्हणालो, पाहा, काय मजबूत व्यवस्था आहे.

इथे मला एक तांत्रिक गोष्ट सांगितलीच पाहिजे. संगणक चालू झाला की पहिलं काम काय करायचं, हे मी त्याला लिहून दिलं होतं : जुने डबे फेकून द्यायचे आणि साच्यातून नवे काढायचे. मला स्वच्छतेची आवड आहे. भांडारात माझ्या टेबलावर धूळ सापडणार नाही.

मोबाइल वाजला. सासरेबुवा लहानूजी.

"जय भीम, जवाईबापू! तुमी नाटकात काम करून राह्यले अन् आमाले सांगतलं बी नाई!"

"कोण? मी?"

"आता मेसेज आला ना! तुमी हिरो! गावात तीन वर्षं झाले नाटक नाई झालं. कोनती कंपनी तारीखच देत नोहोती. अन् तुमी घरचे जवाई असून मुकाट्यानं देऊन टाकली. मी चौकात वाचून दाखवलं. सारे तुमची वाट पाहून राह्यले."

"बाबा, ती चाचणी होती. खोटं बुकिंग आहे ते."

"हॅ हॅ! कलाकार लोक असेच लाजते!"

फोन ठेवताच मी ते बुकिंग काढून टाकलं. 'आपले बुकिंग रद्द झाले आहे' असा संदेश रीतसर गेला. मी शांतपणे जेवायला बसलो. चटणी चांगली झाली होती. मी तसं बोलूनही दाखवलं. हे बोलायला नको होतं, कारण चटणी आवडली म्हणून दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा

घर्रर्रर्र.

*

मी मूळचा शांत माणूस आहे. पण मुखरूभाऊ नाहीत.

"बाबू, माह्या सीझन कुठी गेला?"

"काय झालं भाऊ?"

"मॅनेजरनं तुह्या डबा उघडला. त्याच्यात एकच गाव दिसते. हिरडबोडी. नाटक अ आ इ ई. अन् हिरो तू! माह्या कंपनीचा हिरो कई झाला बे तू?"

मी पाहिलं. खरंच. साऱ्या सीझनचं बुकिंग नाहीसं होऊन माझं एकट्याचं खोटं बुकिंग उभं होतं, जन्मल्या दिवशी होतं तसं टवटवीत. मी ते पुन्हा काढलं. मॅनेजरने चरफडत सगळी गावं पुन्हा भरली. पुढच्या चटणीला ती पुन्हा गेली.

आणि हिरडबोडीला संदेश जात राहिले. निश्चित. रद्द. निश्चित. रद्द. निश्चित. कोणी म्हणेल की गावकरी वैतागले असतील. तसं म्हणणाऱ्याला आमची गावं माहीत नाहीत. मंडळाची बैठक बसली आणि तिने निष्कर्ष काढला की कंपनी अडून बसली आहे, आपण सोयी वाढवल्या पाहिजेत.

"जवाईबापू," सासरेबुवांचा फोन. "कलाकारायले शाळेत नाई ठेवत. ग्रामपंचायतीच्या हॉलमंधी ठेवतो. नवीन गाद्या."

रद्द.

"जवाईबापू, जेवनात मटन ठरवलं."

रद्द.

"जवाईबापू, तुमाले खुर्चीवर बसवून मिरवनूक काहाडतो. पन बैलबंडी नाई, टॅक्टर! सजवलेला!"

माझ्या लग्नात सासरेबुवांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं नव्हतं. तेव्हा मी त्यांच्या मते नुसता भांडार विभागातला होतो.

नाटकाच्या नावाचाही अर्थ लागला. अ आ इ ई म्हणजे मुलींच्या शिक्षणावरचं, सामाजिक, काळीज फाडणारं नाटक, असं ठरलं. सासूबाई बायनाबाई फोनवर आताच डोळे पुसत होत्या. बॅनर छापून आला. त्यावर माझा लग्नातला फोटो होता, संघप्रियाला त्यातून कापून काढलेला. तिचा एक हात मात्र माझ्या खांद्यावर राहून गेला होता.

आदेशभाऊंनी फ्रीजची उंची कमी करण्याचा सल्ला दिला. नीलिमाताई म्हणाल्या की संगणकाला कोणाची तरी नजर लागली असणार. शेवटी कारण सापडलं ते संघप्रियाला.

"एक सांगू का?" किसणीवर खोबरं किसत ती म्हणाली. "मी चटणी वाटली का बाबाचा फोन येते."

मी तिच्याकडे पाहिलं. मिक्सरकडे पाहिलं. मग पिनेकडे. हिरव्या ठिपक्यांच्या जागी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डब्यातलं काढून उपयोग नव्हता, खोटं बुकिंग साच्यातच बसलं होतं! प्रत्येक चटणीला डबा मरत होता आणि नव्याने जन्म घेताना हिरडबोडीला वर्दी देत होता. आणि खरी बुकिंगं डब्याबाहेर ठेवायची असतात, हे सातव्या धड्यात लिहिलेलं होतं.

इलाज सोपा होता. साचा उघडायचा, तेवढी ओळ पुसायची. मी फ्रीजपाशी खुर्ची ओढून तिच्यावर चढलो. कीबोर्डवर बोट ठेवलं. तेवढ्यात फोन.

"जवाईबापू," सासरेबुवांचा आवाज बदललेला. "आता मस्करी पुरे. वरोऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले नाटकाले."

वरोऱ्याचे पाहुणे म्हणजे राजदीप आणि त्याचे वडील लटारूजी. माझी मेहुणी खुशबू आणि राजदीप यांनी एकमेकांना कॉलेजातच पसंत केलं होतं. प्रश्न लटारूजींचा होता. हा माणूस नाटकाचा इतका शौकीन की एकदा चांगला दुसरा अंक सोडवेना म्हणून स्वतःच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, उशिरा पोचला होता.

"त्यायनं सांगतलं, नाटक पाहू, मंग सोयरिकीचं बोलू. नाटक नाई झालं तं गाडी तशीच वापस जाईन. खुशबूच्या नशिबाचा सवाल हाय. आता तुमच्या हातात."

मी खुर्चीवरून खाली पाहिलं. संघप्रिया किसणी हातात धरून माझ्याकडे पाहत होती. बायको बोलत नाही तेव्हा जे बोलते ते मला बरोबर ऐकू येतं.

मी बोट उचललं.

*

घर्रर्रर्र नाही. यावेळी मीच थांबलो.

कारण परिस्थिती अशी : एका गावात नाटकाची तारीख होती, बॅनर होतं, मटण होतं, पाहुणे होते. फक्त नाटक नव्हतं.

मी बसने वडशाला जाऊन मुखरूभाऊंचे पाय धरले.

"त्या तारखेले आमी मोहटोल्याले हाओ," ते म्हणाले. "अन् बाकी कंपन्याही भरल्या. तुले इथचा एक कुत्रा बी रिकामा भेटनार नाई."

"मोहटोल्याचं नाटक रात्री ना? आमचं दिवसा करा. हिरडबोडी वाटेवर आहे."

"दिवसा?" मुखरूभाऊ उठून उभे राहिले. "दिवसा माहे नट झोपते! दिवसा पावडर दिसते! दिवसा हिरोचं वय दिसते, बाबू!"

दिवसाचं कारण वेगळंच होतं. हिरडबोडीच्या शिवारात वाघ फिरत होता आणि अंधार पडल्यावर कार्यक्रमाला परवानगी मिळत नव्हती. म्हणजे नाटक मिळण्याआधीच त्याच्या परवानगीसाठी मी एका कार्यालयातून दुसऱ्यात हिंडत होतो. हिरोच्या नावाने अर्ज होता, म्हणून हिरोच लागत होता. जंगलाचं काम पाहणाऱ्या साहेबांनी मला समोर बसवलं.

"नाटकात वाघ हाय का?"

"नाही साहेब."

"मंग तसं लिहून द्या. वाघाचा आवाज?"

"नाही."

"फटाके? बंदूक? व्हिलन हसते का जोरात?"

"माहीत नाही साहेब. नाटक अजून पाहिलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमी हिरो ना?"

मी लिहून दिलं की सदर नाटकात वाघ नाही, आणि नाटकाला वाघ आल्यास तो प्रेक्षक समजण्यात येईल व त्याची जबाबदारी मंडळावर राहील. हे वाक्य साहेबांचं. सही माझी.

नाटक असं कुठेच मिळालं नाही. शेवटी ठरवलं की जायचं आणि गावापुढे हात जोडून खरं सांगायचं. डबे, साचा, सातवा धडा, सगळं. खुशबूला कोणत्या तोंडाने भेटायचं ते मात्र ठरत नव्हतं. सातवा धडा वाचून दुरुस्ती करायलाही या धावपळीत सवड झाली नाही. आदेशभाऊंच्या सल्ल्याने संगणकाच्या पिनेवर 'काढू नये' अशी चिठ्ठी तेवढी चिकटवली. मॅनेजरने सगळं बुकिंग पुन्हा भरलं, मोहटोल्यासकट.

त्या दिवशी सकाळी आम्ही हिरडबोडीला निघायच्या तयारीत होतो. मी आरशासमोर माफीचं भाषण म्हणत होतो. संघप्रिया स्वयंपाकघरात होती. चटणीची बरणी आदल्या दिवशीच भरलेली, मी स्वतः पाहिली होती. आणि तरी

घर्रर्रर्र.

*

मी मूळचा शांत माणूस आहे, असं मी गाडीत सारखं स्वतःला सांगत होतो.

हिरडबोडीच्या शिवेवरच ट्रॅक्टर उभा. झेंडूच्या माळा, फुगे, पुढे डफ. मला वर चढवलं. मी "ऐका, ऐका" म्हणून दोन्ही हात वर केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी "नाटक नाही" म्हणून ओरडलो, डफ आणखी जोरात वाजला. शाळेच्या मैदानात शामियाना, समोर सतरंज्या, पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर लटारूजी. पांढरे कपडे, हातात पानाचा डबा, चेहरा एखाद्या परीक्षकासारखा. शेजारी राजदीप. शामियान्याच्या कडेला खुशबू उभी होती, नवी साडी नेसलेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवून थेट माइककडे वळलो.

मी माइक हातात घेतला. "मित्रहो, मला एक सत्य..."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

मुखरूभाऊंच्या कंपनीचा ट्रक धूळ उडवत मैदानात शिरला. वर पडदे, पेट्या, ऑर्गन, आणि पेट्यांवर झोपलेले नट. केबिनमधून चैतू उतरला.

"आजचं गाव हिरडबोडी," मोबाइल दाखवत तो म्हणाला. "सकाळी सकाळीच मेसेज आला. दिवसाचा शो लिहून होता, म्हनून लवकर निंघलो."

त्याच्या मागून मुखरूभाऊ उतरले. ते रस्ताभर झोपले होते. त्यांनी डोळे चोळून बॅनर वाचलं. माझा फोटो पाहिला. माझ्या खांद्यावरचा तो एकटा हात पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे मोहटोला नोहोय," ते म्हणाले.

"नाही भाऊ."

सारं गाव टाळ्या वाजवत होतं. बायनाबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या. मटणाचा वास मैदानभर पसरला होता. मुखरूभाऊंनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे, एकदा सूर्याकडे.

"मोहटोल्याची घंटी रात्री हाय," ते स्वतःशीच बोलले. "तवापर्यंत होते. पन हिरो?"

हिरो मोटरसायकलने परस्पर मोहटोल्याला जाणार होता.

सगळ्यांनी बॅनरकडे पाहिलं.

*

नाटकाचं खरं नाव 'सूनबाईचा पंचनामा'. मुखरूभाऊंनी सूनबाईच्या हातात शाळेतली पाटी दिली आणि ते अ आ इ ई झालं. मला विग घातला. पावडर लावली. दिवस असल्यामुळे ती फारच दिसत होती. कोणत्या तरी व्हिलनच्या पेटीतून घेतली म्हणून मागे खरोखर थोडी मारामारीही झाली.

"तुले कायी याद ठेवाची गरज नाई," मुखरूभाऊ म्हणाले. "मी मागून सांगतो. तू आवाजात बोल. पयलं वाक्य एवढं पाठ कर. आई, मी शहरातून आलो."

ते मी पाठ केलं. घट्ट. त्याखेरीज डोक्यात काहीही शिल्लक राहिलं नाही.

घंटा झाली. मी धावत स्टेजवर गेलो. समोर कंपनीच्या जुन्या नटी कलाबाई आईच्या वेशात जात्यावर बसलेल्या.

"आई! मी शहरातून आलो!"

टाळ्या. शिट्ट्या. कलाबाई उठल्या, मला कवटाळलं, रडल्या. इथे माझं दुसरं वाक्य होतं. मुखरूभाऊ पडद्यामागून सांगू लागले, आणि नेमकं जनरेटर बंद पडलं. माइक गेला. ऑर्गन गेला. कोणीतरी जनरेटरला लाथ मारली. माइक खरखरून परत आला. सगळं गाव माझ्याकडे पाहतंय. माझ्या डोक्यात एकच वाक्य.

"आई! मी शहरातून आलो!"

कलाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आत्ताच तं आलता रे बाबू!"

मैदान हसून लोळलं. मी पुढे सरकलो, दोन वाक्यं बोललो, तिसऱ्याला जनरेटर पुन्हा गेलं. पुन्हा आलं. मी काय करणार? साच्यात जे होतं तेच बाहेर पडलं.

"आई! मी शहरातून आलो!"

"येक डाव येऊन जेव तं खरा," कलाबाई कडाडल्या. "मटन थंडं होऊन राह्यलं!"

व्हिलन आला. त्याने माझी गचांडी धरली. माइक गेला, आला. "आई! मी शहरातून आलो!" व्हिलन गचांडी सोडून हसत खाली बसला, आणि त्याला जोरात हसायची परवानगी नव्हती. पुढे पुढे तर जनरेटर थांबलं की सतरंजीवरची पोरं श्वास रोखून धरायची, आणि आवाज परत आला की अख्खं गाव माझ्याआधी ओरडायचं : "आई! मी शहरातून आलो!" सोफ्यावरचे लटारूजी उभे राहून ओरडत होते. त्यांचं पान केव्हाच गिळून झालं होतं.

सूनबाईचा पंचनामा शेवटपर्यंत झालाच नाही. सूर्य झाडांना टेकला तसा मुखरूभाऊंनी पडदा पाडला, नटांना ट्रकमध्ये कोंबलं, मटणाचं एक पातेलं सोबत घेतलं आणि चैतूला मोहटोल्याचा रस्ता तोंडी सांगितला.

ट्रकच्या धुळीतून लटारूजी माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी, मिशीला चुना. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"जवाईबापू, जिंदगीभर नाटकं पायली. असा हिरो नाई पायला."

आता बोलायलाच हवं होतं. विग कपाळावर घसरलेला, पावडर घामाने गळ्यापर्यंत उतरलेली. मी शक्य तेवढा गंभीर झालो.

"आपल्याला आवडलं ना? मग आमच्या खुशबूचं... तिचं काय ठरवलंत?"

लटारूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग राजदीपकडे. राजदीप खुशबूकडे पाहायला लागला आणि खुशबू पदर तोंडात कोंबून शामियान्याच्या बांबूमागे गेली.

"तिचं काय?" लटारूजी म्हणाले.

मी सासरेबुवांकडे वळलो. ते सतरंजी गुंडाळत होते. तीन वर्षांनी गावात झालेल्या नाटकाची सतरंजी एखाद्या अध्यक्षाने गुंडाळावी इतक्या मन लावून, खाली मान घालून. संघप्रियाने घाईघाईने चटणीची बरणी उघडली आणि माझ्यापुढे भाकर धरली.

वरोऱ्याचा होकार दिवाळीतच आला होता.